खड्ड्यात पाणी, कपाटात तांबं

या अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "साहेब, तुमच्या नोकरीतले गमतीशीर अनुभव लिहा." मी विचारलं, "मी कुठली नोकरी केली, ठाऊक आहे ना?" ते म्हणाले, "रेडिओत होता ना तुम्ही? गाणी-बिणी लावत होता." त्यांचा दोष नाही. माझ्या सख्ख्या मेव्हण्याची आजतागायत तीच समजूत आहे, आणि देवगाव रंगारीला आमच्या भावकीत मी अजूनही 'रेडिओ दुरुस्त करणारा सोनवणे' म्हणूनच ओळखला जातो. तेव्हा आधी एवढं निस्तरून घेतो.

मी लोकांच्या घरावरचे अँटेना तपासत होतो. सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून, घरात बसून बिनतारी संचावर जगाशी बोलणारे काही हौशी लोक असतात. त्यांना हॅम म्हणतात. पूर आला, भूकंप झाला, मोबाइल मान टाकून बसले, की हीच मंडळी निरोप पोचवतात. एरवी वर्षभर ती शेजाऱ्यांच्या शिव्या खातात. अशा लोकांचा अँटेना धोक्याचा नाही ना, हे पाहून कागदावर लिहायचं, हे माझं काम. खांब भक्कम आहे का, विजेच्या तारांपासून लांब आहे का, त्यातून निघणाऱ्या लहरी ठरवून दिलेल्या मर्यादेत आहेत का, आणि अर्थिंग नीट आहे का, एवढंच बघायचं. बघायला फार अक्कल लागत नाही. लिहायला तर त्याहून कमी लागते, कारण आमच्या नमुन्यात शेऱ्याच्या रकान्यात दोनच शब्द चालायचे: समाधानकारक किंवा असमाधानकारक. तिसरा शब्द लिहिला की साहेब बोलावून घ्यायचे.

अर्थिंगचं थोडं समजावून सांगतो, कारण पुढची सगळी रामकहाणी त्यावरच आहे. उंच खांबावर वीज पडली तर तिला जमिनीत जायला सरळ वाट लागते. म्हणून खांबापासून तांब्याची पट्टी खाली आणतात आणि खड्ड्यात पुरलेल्या पत्र्याला जोडतात. खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरतात. पण खरी गोष्ट आहे पाणी. खड्डा ओला असेल तर जमीन वीज पोटात घेते. कोरडा पडला की ती तोंड मिटून बसते, आणि वीज मग तुमच्या घरातून दुसरी वाट शोधते. म्हणून खड्ड्याला नेमानं पाणी पाजावं आणि तशी नोंद ठेवावी, असा दंडक.

आता आमच्या शहराची गंमत अशी, की इथं नळाला पाणी किती वाजता येतं असं कोणी विचारत नाही, कोणत्या वारी येतं असं विचारतात. पाहुण्यांना बोलवायचं, पापड करायचे, डोक्याला मेंदी लावायची, सगळं त्या वाराच्या हिशेबानं. अशा गावात 'जमिनीतल्या खड्ड्याला पाणी घाला हो' असं सांगत दारोदार फिरणारा माणूस मी. लोक तोंडावर 'व्हय साहेब' म्हणायचे आणि मी जिना उतरलो की हसायचे.

मग काय करायचे? मी तपासणीला येणार म्हटलं की आदल्या संध्याकाळी खड्ड्यात दोन बादल्या ओतायचे. सगळे. डॉक्टर, प्राध्यापक, इंजिनिअर, कोणी अपवाद नाही. उलट इंजिनिअर तीन बादल्या ओतायचे, कारण त्यांना त्यामागचं शास्त्र ठाऊक. मी जमिनीचा रोध मोजणारं माझं मेगर यंत्र जोडायचो, आकडा झकास यायचा, मी 'समाधानकारक' लिहायचो, ते चहा द्यायचे. वर्षानुवर्षं मी खड्डा मोजतच नव्हतो. माझ्या येण्याची बातमी आमच्या कचेरीतून किती लवकर फुटते, ते मोजत होतो.

बिडकीनला एका गृहस्थांनी कमालच केली होती. खांबाची पट्टी गच्चीवरच संपलेली. शोधली तर एका गुलाबाच्या कुंडीत खुपसून ठेवलेली. म्हटलं, हे काय? तर म्हणाले, "माती पाहिजे म्हणाला होता ना साहेब. ही काळी माती हाय, शेतातली. आन् पाणी रोज घालतो, झाडाला." गुलाब खरोखर टवटवीत होता. वीज पडली असती तर ती त्या कुंडीत उतरून बिचारी कुठं गेली असती, हे मी त्यांना पुष्कळ समजावलं. त्यांनी कुंडी बदलून मोठी आणली.

अशा लोकांत उभी हयात काढल्यावर माणसाच्या तोंडाला कडू चव राहते. ती माझ्या लिहिण्यात येत असेल तर वाचकांनी चालवून घ्यावं. कारण मला सांगायची आहे ती कमलताईंची गोष्ट, आणि ती सांगताना मला गोड बोलता येणार नाही.

कमलताई पिंपळीकर सिडकोतल्या एका चार मजली सोसायटीत सर्वांत वर राहतात. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. यजमान गेले, मुलगा परदेशात, गुडघे कामातून गेलेले. लिफ्ट चालू असेल तर खाली, नाही तर वर. रोज सकाळी चहा झाला की त्या संच लावायच्या आणि त्यांची मित्रमंडळी एकेक करून संचावर यायची. लातूरचे काका, नाशिकच्या एक बाई, परभणीचे एक मास्तर, असे सगळे उतारवयाचे आणि बहुतेक एकटे. बोलणं काय, तर तब्येत कशी आहे, भाजी कुठली केली, पाऊस आहे का. मी एकदा विचारलं, "ताई, एवढं बोलायला एवढा मोठा खांब कशाला? मोबाइल आहे की."

त्या म्हणाल्या, "सोनवणे, ही आमची हजेरी आहे. मधे लातूरचे काका सकाळी आले नाहीत, तर मी लगेच त्यांच्या शेजाऱ्यांना फोन केला. न्हाणीत पडले होते. उद्या मी पडले तर कोणाला कळेल? या बिल्डिंगमध्ये कोणाला कळायचं नाही. यांना कळेल."

तर या हजेरीच्या खांबाविरुद्ध सोसायटीनं आमच्या खात्याकडे अर्ज केला. अँटेनामुळे डोकेदुखी होते, झोप येत नाही, केस गळतात, कबुतरं वाढली आणि आवारातल्या पपईला फळ धरत नाही. खाली झाडून सगळ्यांच्या सह्या. खांब काढण्याचा हुकूम व्हावा ही विनंती. मला तपासणीला धाडलं.

फाटकातच सेक्रेटरी विलासराव भेटले. कुठल्याशा मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. कुठल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण चालण्यातून हुद्दा अजून उतरला नव्हता.

"साहेब, लई रेडिएशन हाय," ते म्हणाले. "आमच्या मिसेसचं डोकं रोज संध्याकाळी ठणकतंय."

"ताई संच कधी लावतात?"

"सकाळी."

"मग डोकं संध्याकाळी का?"

"दिवसभर साठत असंल ना!"

मी वर ताईंना संच चालू करायला सांगितलं आणि लहरी मोजायचं यंत्र घेऊन जिन्यात, गच्चीवर, विलासरावांच्या दिवाणखान्यात फिरलो. काटा जागचा हलेना. विलासरावांचं तोंड पडत चाललं होतं. तेवढ्यात त्यांच्या शर्टाच्या खिशातला फोन वाजला आणि काटा ताडकन उडाला. मी यंत्र त्यांच्या छातीजवळ धरून त्यांना ते दाखवलं. त्यांनी फोन कानाला लावला, पुष्कळ वेळ बोलले, आणि मग मला म्हणाले, "तुमचं मशीन बिघडलेलं दिसतंय."

मग खड्डा. तो फाटकाजवळ भिंतीच्या कडेला होता आणि चांगला ओला होता. मी मनात म्हटलं, आल्या आदल्या दिवशीच्या बादल्या. कमलताई लिफ्टनं खाली आल्या होत्या. त्यांना विचारलं, "पाणी कधी घालता?" त्या म्हणाल्या, "रोज." हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं होतं की मला हसू आलं. मान खाली घालून मी यंत्राच्या सळ्या ठोकायला वाकलो, आणि थांबलो. खड्ड्याच्या कडेनं अळू उगवलं होतं. चांगलं सुपाएवढ्या पानांचं, दाट. अळू काही आदल्या संध्याकाळच्या बादलीवर येत नाही. त्याला महिनोन् महिने पाय ओले लागतात.

मी वर बघितलं. चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून एक बारीक हिरवी नळी भिंतीवरून थेट खड्ड्यापर्यंत आली होती. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी ताई त्या नळीत ओतायच्या. गुडघ्यांमुळे बादली खाली नेता येत नाही म्हणून त्यांनी काढलेली युक्ती. पिण्याच्या पाण्याचा थेंब वाया नाही आणि खड्डा बारमाही ओला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत खड्ड्याला खरोखर रोज पाणी पाजणारं माणूस मला पहिल्यांदा भेटत होतं. मला इतका आनंद झाला की तो लपवता येईना.

"ती नळी बी तक्रारीत घ्या," विलासराव म्हणाले. "बिल्डिंगचा शो जातोय."

"आणि हे अळू?"

"अळूचं काय नाय. मिसेस नेते कधीमधी. वड्या चांगल्या होतात त्याच्या."

आकडा उत्तम आला. पण यंत्र गुंडाळता गुंडाळता माझी नजर गच्चीच्या टोकाकडे गेली. तिथं इमारतीचा स्वतःचा वीजरोधक होता, त्रिशूळासारखा. त्याच्यापासून खाली यायची तांब्याची पट्टी मात्र नव्हती. भिंतीवर नुसते खिळे.

"पट्टी कुठं गेली?" मी विचारलं.

विलासरावांचा चेहरा उजळला. तपासणी सुरू झाल्यापासून प्रथमच मी त्यांच्या आवडीचं काही विचारलं होतं. ते मला सोसायटीच्या खोलीत घेऊन गेले, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि लोखंडी कपाट उघडलं. आत, सत्यनारायणाच्या चौरंगाशेजारी, वर्तमानपत्रात गुंडाळून तांब्याची पट्टी ठेवली होती. लखलखीत.

"चोऱ्या लई वाढल्यात साहेब," ते म्हणाले. "बाजूच्या बिल्डिंगची पट्टी गेली. रात्रीत साफ. आम्ही म्हटलं, आपली जायच्या आत आपणच काढून ठेवू. रजिस्टरला नोंद हाय. दरसाल ऑडिटरला कपाट उघडून दाखवतो. सुस्थितीत, असा शेरा हाय त्याचा."

मी विचारलं, "आणि वीज पडली तर?"

"पडायच्या आधी लावू की! आता मोबाइलवर आगाऊ कळतंय सगळं."

मी त्यांना तिथंच उभं करून सांगितलं. म्हटलं, विलासराव, वीज पडल्यावर तिला जमिनीत न्यायला या इमारतीत आत्ता एकच वाट आहे, आणि ती म्हणजे ताईंचा खांब आणि त्यांचा ओला खड्डा. तो काही इमारतीसाठी बांधलेला नाही, त्याच्या भरवशावर राहूही नये, पण तुमच्याकडे तेवढंच आहे. आणि तेच तुम्ही काढायला निघालात. ते सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे वीज ओढून घेतंय ना ते? तेच तर आमचं म्हणणं हाय."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मूर्खाला कशाचा, ते कोणी सांगून ठेवलेलं नाही.

अहवालात मी अँटेना समाधानकारक लिहिला आणि खाली दोन ओळी जादा लिहिल्या: इमारतीच्या वीजरोधकाची पट्टी कपाटात आहे, ती तातडीनं बसवावी. साहेबांनी बोलावलं. "सोनवणे, तुम्ही अँटेना बघायला गेला होता की इमारत? कपाट आपल्या विषयात येतं का?" त्यांनी माझ्या दोन ओळींवर लाल रेघ मारली. चांगली सरळ मारली, पट्टी लावून. एका खात्यानं दुसऱ्या खात्याच्या मरणात पडू नये, ही आमच्याकडची सभ्यता आहे.

खांब निघाला नाही म्हणून सोसायटीनं आपला राग नळीवर काढला. 'पाणी वाचवा' असा ठराव केला, सुविचारांच्या फळ्यावर लिहिला आणि भिंतीवरची हिरवी नळी कापून टाकली. ताईंचं तांदळाचं धुवण त्या दिवसापासून गटारात जाऊ लागलं, म्हणजे पाणी वाचलं. आवारात नव्या फरश्या मात्र टँकरच्या पाण्यानं धुतल्या जात होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात वार्षिक तपासणीला मीच गेलो. खड्ड्याला भेगा पडल्या होत्या आणि अळूचे नुसते सुकलेले देठ उरले होते. यंत्राचा आकडा बघून मला वाईट वाटलं. मी वर गेलो. ताईंना म्हटलं, "कालच्या काल कोणाला तरी सांगून दोन बादल्या ओतायच्या होत्या ना. सगळं गाव तेच करतं."

"सांगितलं असतं तर ओतल्या असत्या कोणीतरी," त्या म्हणाल्या. "पण सोनवणे, तुम्ही आलात तो एक दिवस खड्डा ओला. बाकीच्या दिवशी वीज काय तुम्हाला विचारून येणार आहे? जे दिसतंय ते लिहा."

मी जे दिसलं ते लिहिलं. गावभर ओतलेल्या बादल्यांना समाधानकारक आणि जिनं कधी मला फसवलं नाही तिला असमाधानकारक. नियमानं ते बरोबरच होतं. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही.

दुरुस्तीची मुदत मिळाली. दुरुस्ती म्हणजे नळी पुन्हा लावणं, किंवा दुसरीकडे खड्डा खणणं. दोन्हीला सोसायटीची परवानगी हवी. सोसायटीनं कळवलं की अर्ज वार्षिक सभेत विचारार्थ ठेवला जाईल. वार्षिक सभेत कोरम भरला नाही. मुदत संपायच्या आत ताईंनी स्वतःच माणसं बोलावली आणि खांब उतरवला. केंद्र बंद केल्याचं त्यांचं दोन ओळींचं पत्र आमच्याकडे आलं. मी सेवानिवृत्त होण्यापूर्वी शेवटचा फाइलला लावलेला कागद तोच. खांब उतरला तसं विलासरावांच्या मिसेसचं डोकं ठणकायचं थांबलं, असं नंतर ऐकलं. पपईला मात्र अजून फळ नाही.

मग परतीचा पाऊस आला. आमच्याकडे तो येतो तेव्हा पाण्यापेक्षा विजाच जास्त घेऊन येतो. एका दुपारी मी घरी असताना कडकडाट असा झाला की खिडक्या थरथरल्या. दुसऱ्या दिवशी विलासरावांचा फोन. आवाजातला हुद्दा उतरला होता.

"साहेब, जरा येऊन जाता का?"

गेलो. वीज इमारतीवर पडली होती आणि तिला जी वाट सापडली तिनं गेली होती. लिफ्ट जळाली होती. घरोघरचे टीव्ही, फ्रिज, इंटरनेटची खोकी, सगळं खलास. दिवाणखान्यातला विलासरावांचा भिंतभर टीव्ही काळा पडला होता. माणसं वाचली, हे नशीब. पण हौदावरची मोटर जळाली होती, आणि नळाचा वार नेमका तोच. खाली हौद काठोकाठ भरलेला, वर टाकीत ठणठणाट. ज्यांनी खड्ड्यात वाटीभर धुवण जाऊ दिलं नाही ते सगळे हातात बादल्या घेऊन जिना चढत होते. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

विलासरावांनी मला आधी खोलीत नेलं आणि कपाट उघडलं.

"पट्टीला मात्र काय झालं नाय साहेब," ते म्हणाले. "बघा."

खरंच काही झालं नव्हतं. अख्ख्या इमारतीत विजेनं धक्का लावला नाही अशी तेवढीच एक वस्तू होती.

मग आम्ही जिना चढून कमलताईंकडे गेलो. दार त्यांनी फार वेळानं उघडलं. उजव्या हाताला प्लास्टर होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात न्हाणीत घसरले. सकाळी पडले ते दुपारी कामाला बाई आली तेव्हा उठले." आणि मग जरा थांबून, "लातूरच्या काकांना कळलं असतं," एवढंच.

टेबलावर संच होता, त्यावर भरतकामाचं कापड घातलेलं. या बाईनं सगळं नियमानं केलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, नियमानंच, तिची हजेरी बंद केली होती. मला विलासरावांचा राग आला, साहेबांच्या लाल रेघेचा आला, आणि त्या दोन शब्दांच्या रकान्याचा सर्वांत जास्त आला.

विलासराव खुर्चीच्या कडेवर बसले. "ताई," ते म्हणाले, "साहेब सांगत व्हते, तुमच्या खांबाचा बिल्डिंगला आधार व्हता म्हणून. तर म्हटलं, परत उभा करू. नळी बी लावू. मी सभेत ठराव करून घेतो, कोरम मी बघतो. सामान हाय ना तुमच्याकडं? तो खांब, ती तार, ते सगळं कुठं ठेवलंय?"

कमलताईंनी त्यांच्याकडे बघितलं. रागानं नाही. एक्स्चेंजमध्ये कोणी चुकीचा नंबर मागितला की व्हायचा तशा चेहऱ्यानं.

"कपाटात ठेवलंय, विलासराव," त्या म्हणाल्या. "कुलूप लावून. अगदी सुस्थितीत आहे."

विलासरावांच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदाच समाधान दिसलं.

"बरं केलं ताई," ते म्हणाले. "चोऱ्या लई वाढल्यात."